‘कसा पाऊस?’चा रकाना : ६० गिगाहर्ट्झ लिंकच्या प्रकल्प नोंदी

१८ एप्रिल

आमच्या कॉलेजचा प्रकल्प असा: दोन गच्च्यांमध्ये ६० गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींची बिनतारी जोडणी, म्हणजे लिंक, उभारायची आणि पाऊस तिचा सिग्नल किती खातो ते पावसाळाभर मोजायचं. त्यासाठीच्या प्रायोगिक परवान्याचं पत्र अखेर आलं. वाहिनी एकच मिळाली, मध्य ६०.४८ गिगाहर्ट्झ. म्हणजे थेट प्राणवायूच्या दाढेखाली. सर मात्र खूश. म्हणाले, “सोपी वाहिनी मिळाली असती तर लिहायला काय उरलं असतं?”

जागा ठरल्या. एक डिश मुख्य इमारतीच्या गच्चीवर, टाकीशेजारच्या पाइपाला. दुसरी मुलांच्या वसतिगृहाच्या गच्चीवर. मधे मैदान, एक पऱ्या (ओढा) आणि त्याच्या काठची माडांची रांग. अंतर ६२० मीटर. चिपळुणात पावसाला तोटा नाही. यंत्रं पावसाळाभर टिकतात का, एवढाच प्रश्न.

कागदावरचा हिशेब असा. (डेसिबल हे पटींचं माप: १० कमी झाले की शक्तीचा दहावा हिस्सा उरतो. डीबीएम म्हणजे एक मिलिवॉटच्या तुलनेतली शक्ती.) पाठवायची शक्ती १० डीबीएम, दोन्ही डिशचा लाभ, म्हणजे झोत एकवटल्यानं मिळणारी वाढ, प्रत्येकी ३८ डेसिबल. मोकळ्यातून ६२० मीटर जाताना १२४ डेसिबल खर्च होतात. तिसऱ्या वर्षाच्या मुलीनं बेरीज-वजाबाकी करून उणे ३८ आणलं. सरांनी एवढंच विचारलं, “आणि हवेचे?”

हवेचे राहिलेच होते. समुद्रसपाटीला या वाहिनीवर प्राणवायू किलोमीटरमागे सुमारे १५ डेसिबल खातो. म्हणजे एक किलोमीटर गेल्यावर बत्तिसावा हिस्सा उरतो, तोही कोरड्या स्वच्छ हवेत. प्राणवायूच्या रेणूला चुंबकीय गुण आहे, नायट्रोजनला नाही. म्हणून हवेचा जवळजवळ चार पंचमांश भाग असूनही नायट्रोजन इथे निर्दोष सुटतो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ व्हॅन व्लेक यांनी १९४७ साली याचं गणित मांडलं. ६० गिगाहर्ट्झच्या आसपास या रेणूच्या बऱ्याच रेषा (ज्या वारंवारतांना तो लहर शोषतो त्या) दाटीनं आहेत, आणि जमिनीलगतच्या दाबाखाली त्या फुगून एकमेकींत मिसळतात. एक एकटी रेष मात्र दूर ११८.७५ला बसली आहे. आमच्या वाट्याला यातले ९.३ डेसिबल आले. नवा अंदाज उणे ४७.

तरंगलांबी जेमतेम ५ मिलिमीटर. जगदीशचंद्र बोस १८९०च्या दशकात कोलकात्यात एवढ्या लहान लहरींपर्यंत पोचले होते. पाऊस मोजायचं काम त्यांनी आमच्यासाठी ठेवलं.

२२ एप्रिल

दिवसभर डिश जुळवण्यात गेला. या डिशचा झोत १.७ अंशांचा, म्हणजे समोरच्या गच्चीवर पोचेपर्यंत जेमतेम १८ मीटर रुंद. सकाळी अकराला “मिळाला, मिळाला” असा फोन आला. आकडा उणे ६६. सगळ्यांनी नट घट्ट केले, चहा प्याले.

उणे ६६ आणि उणे ४७ यांत फार फरक आहे. दुपारी पुन्हा नट ढिले केले. आम्ही मुख्य झोताच्या बाजूच्या कमजोर उपझोतावर जुळवून बसलो होतो. असा उपझोत फसवा असतो, कारण त्यालाही शिखर असतं. डावीकडे वळवलं तरी कमी, उजवीकडे वळवलं तरी कमी. उपाय जुनाच: पहिल्या शिखरावर थांबायचं नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण फिरवून बघायचं. संध्याकाळी साडेपाचला उणे ४९. अंदाजापेक्षा २ कमी. जोडण्यांमध्ये एवढं जातंच.

लिंक उणे ६८पर्यंत तग धरते, त्याखाली तुटते. म्हणजे पदरात १९ डेसिबल आहेत. पावसाला द्यायचे ते यातूनच.

२ मे

रोज दुपारी दीड ते चारच्या दरम्यान सिग्नल दीड-दोन डेसिबलनं खाली. संध्याकाळी परत जागेवर. मुलांनी लगेच निदान केलं: दमटपणा. घामाच्या धारा लागल्यावर कोणालाही तेच सुचेल.

पण आकडा जुळत नाही. ३० अंशांच्या हवेत ८० टक्के आर्द्रता धरली तर घनमीटरमागे २४ ग्रॅमच्या आसपास वाफ होते. तेवढ्या वाफेनंसुद्धा आमच्या ६२० मीटरवर अर्ध्या डेसिबलच्या आसपासच जायला हवं. वाफेच्या खऱ्या रेषा २२.२ आणि १८३.३ गिगाहर्ट्झला आहेत. आम्ही दोन्हींपासून लांब. (त्या १८३च्या रेषेवर कान ठेवूनच २०११ साली सोडलेला मेघा-ट्रॉपिक्स उपग्रह हवेतली आर्द्रता मोजत होता. ज्या शोषणाला आम्ही शिव्या घालतो, त्यावर दुसऱ्या कोणाचं पोट चालतं.) शिवाय दुपारी सापेक्ष आर्द्रता घसरते, हवेतली एकूण वाफ मात्र तासाभरात फारशी हलत नाही.

४ मे

वसतिगृहाच्या टोकाला यंत्राच्या डब्यावर ओलं गोणपाट टाकलं. दुपारची घसरण दीडवरून अर्ध्यावर आली. दुसऱ्या टोकालाही टाकल्यावर गायबच झाली. म्हणजे हवा नव्हे, डबा. उन्हात तापलेल्या प्रवर्धकाचा (सिग्नल मोठा करणाऱ्या भागाचा) लाभ कमी होतो, आणि आम्ही त्याचं खापर वातावरणावर फोडत होतो. दोन्ही डब्यांवर पत्र्याची सावली केली, मधे चार बोटं हवेला जागा ठेवून.

वहीच्या पहिल्या पानावर लाल पेननं लिहिलं: आधी डबा, मग हवा.

१४ मे

वळीव. दुपारी चारपासून सह्याद्रीच्या अंगाला काळं होत होतं. पाच वाजून तीन मिनिटांनी पहिले थेंब. मैदानावर पडताना रुपयाएवढे डाग दिसत होते. मग एकदम आडवा.

एकूण २२ मिलिमीटर, अठरा मिनिटांत. लिंक सात मिनिटं मेलेली. पर्जन्यमापकात छोटी डोलती वाटी आहे, ०.२ मिलिमीटर पाणी भरलं की ती कलंडते आणि वेळ नोंदते. सगळ्यात जोराच्या मिनिटाला ती सात वेळा कलंडली. म्हणजे तासाला ८४ मिलिमीटरचा वेग.

मुलं भलतीच आनंदात होती. लिंक तुटल्यावर टाळ्या वाजवणारे बहुधा आम्हीच.

१५ मे

आनंद ओसरला, गणित केलं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत सूत्र आहे: किलोमीटरमागची घट म्हणजे पावसाच्या वेगाचा विशिष्ट घात, गुणिले एक गुणांक. उभ्या ध्रुवीकरणासाठी (लहर उभी डोलते तेव्हा) ६० गिगाहर्ट्झला गुणांक ०.८५ आणि घात ०.७५. यात ८४ घातले की किलोमीटरला २३.५, आमच्या अंतराला १४.६ डेसिबल. उणे ४९मधून १४.६ गेले की उणे ६३.६.

लिंक तुटायलाच नको होती. किमान ४.४ डेसिबल कुठेतरी गडप झालेत.

सरांचं म्हणणं, एका मिनिटाच्या सरासरीत खरी उसळी लपते. शक्य आहे. पण आलेखाचा दुसरा अर्धा भाग मला खटकतो. वाटी शेवटची कलंडली ५:२१ला. त्यानंतर ऊनही पडलं. तरी सिग्नल उणे ५७वर. पूर्ववत व्हायला ५:५० वाजले. पाऊस नाही, तरी अर्धा तास ८ डेसिबल कमी. हवेत पाणी नव्हतं. मग कुठे होतं?

९ जून

मृग लागला. पाऊस आहे, वाटी हलत नाही. वर चढून पाहिलं तर नरसाळ्यात आंब्याचं पान आणि त्याखाली मुंग्यांचं बिऱ्हाड. ७ आणि ८ जूनच्या पावसाच्या नोंदी बाद. जाळी लावली, आठवड्याला एकदा बघायचं ठरलं. ठरलं खरं.

१७ जून

आता रोज पाऊस, आणि रोज तीच खूण. सर थांबली की सिग्नल लगेच थोडा वर येतो, मग एका पायरीवर बसून राहतो आणि हळूहळू चढतो. वारा असेल तर लवकर, नसेल तर उशिरा. म्हणजे काहीतरी वाळतंय.

संध्याकाळी पाऊस थांबल्यावर वसतिगृहाच्या गच्चीवर गेले. डिशच्या तोंडावर प्लास्टिकचं पांढरं झाकण आहे. त्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा, खालच्या कडेला ओघळ. रुमालानं पुसलं. मुख्य इमारतीतून फोन: “मॅडम, काय केलंत? चार डेसिबल वर आलं!”

२८ जून

दोन दिवस उघडीप. ही संधी पुन्हा मिळणार नाही म्हणून आजच उरकलं.

वॉचमनकाकांच्या घरून आंब्यावर फवारायचा पाठीवरचा पंप आणला. धुऊन, स्वच्छ पाणी भरून, कोरड्या आकाशाखाली फक्त एका डिशच्या झाकणावर फवारा मारला. हवेत पाऊस शून्य. सिग्नल उणे ४९वरून उणे ५३, मग ५४. फवारा थांबवला, पापुद्रा तसाच, सिग्नलही तिथेच. दुसऱ्या टोकालाही तेच केलं: उणे ५८. दोन्ही झाकणं पुसली: उणे ४९.

तीन वेळा केलं. दर वेळी दोन्ही टोकं मिळून ८ ते ९ डेसिबल.

म्हणजे वळवाच्या दिवशी हवेतल्या पावसानं १४.६ घेतले आणि झाकणांवरच्या पाण्यानं ९. उणे ७२.६. तुटणारच होती. ६२० मीटरभर पसरलेला पाऊस एकीकडे आणि दोन झाकणांवरचा नखाएवढ्या जाडीचाही नसलेला पापुद्रा दुसरीकडे. पण घटीत दुसऱ्याचा वाटा तिसऱ्या हिश्शाहून जास्त. लिंक जितकी आखूड तितका हा वाटा मोठा, कारण अंतर कमी झालं तरी झाकणं दोनच राहतात.

मे महिन्यापासूनचे सगळे आलेख, ज्यांच्यावर आम्ही “पावसाची घट” असं ठळक लिहिलं होतं, ते नव्यानं वाचावे लागणार. सरांना सांगितलं. ते जरा वेळ गप्प. मग म्हणाले, “आधी डबा, मग हवा. तुमच्याच वहीत आहे.”

काका पंप परत नेताना म्हणाले, “मॅडम, कोरड्यात पाऊस पाडलात, आता ओल्यात कोरडं करायचं बघा.”

३ जुलै

इरलं केलं. कल्पना काकांचीच: “माणसाला चालतं ते तुमच्या थाळीला का नाही?” पूर्वी लावणीला बायका डोक्यावर-पाठीवर घ्यायच्या तसा आकार, फक्त बांबू आणि पानांऐवजी जुन्या पाण्याच्या टाकीचं कापलेलं प्लास्टिक. डिशच्या तोंडापुढे हातभर आलेलं, बाजूंनी वळवलेलं. झोताच्या वाटेत कडा येणार नाही एवढं उघडं. इरल्याच्या आत झाकणाला गाडीचं मेण घासलं. आता पाण्याचा सलग पापुद्रा धरत नाही, थेंब होऊन ओघळतात. सुट्या थेंबांनी लहरीचं नुकसान पापुद्र्यापेक्षा बरंच कमी होतं.

पंपानं परत तपासलं. समोरून फवारा: दोन्ही मिळून ३. वरून: जेमतेम १. वाऱ्याबरोबर आडवा आला तर काय, ते पाऊसच सांगेल.

याच दिवसापासून वहीत एक रकाना वाढवला. काका रात्रपाळीला जागेच असतात आणि पावसाकडे लक्ष ठेवणं त्यांच्या हाडात आहे. त्यांना सांगितलं, दर दोन तासांनी एका शब्दात लिहा, कसा पाऊस. मुलांना हे गमतीचं वाटलं. मला त्यातून एक शंका तपासायची आहे, पण आत्ता लिहीत नाही.

९ जुलै

काकांच्या रकान्यातून उतरवून घेतलं: भुरभुर. रिपरिप. सर. रिपरिप. झोड. उघडीप. भुरभुर. एके ठिकाणी नुसतं “तरणा”. विचारलं तर म्हणाले, “पुनर्वसूचा तरणा पाऊस, मॅडम. म्हातारा पुष्याचा, तो अजून यायचाय.” रकान्यात नक्षत्र लिहू नका, असं सांगणार होते, सांगितलं नाही.

२० जुलै

काल सकाळी साडेआठ ते आज सकाळी साडेआठ, २११ मिलिमीटर. हवामान खात्याच्या व्याख्येत २०४.५च्या वर “अत्यंत मुसळधार”. खालच्या बाजारपेठेत लोकांनी सामान माळ्यावर चढवलं होतं. २०२१च्या जुलैतल्या पुरानंतर इथे कोणी धोका पत्करत नाही. कॉलेज बंद.

लिंक चालू. चोवीस तासांत एकदाही तुटली नाही.

सगळ्यात जोराचं मिनिट तासाला ४० मिलिमीटरच्या वेगाचं. त्याची घट सूत्रानं ८.३, इरल्याखालच्या ओलीचे २-३. उणे ६०च्या जरा खाली जाऊन परत वर. दिवसभराची सरासरी तासाला ९ मिलिमीटरसुद्धा नाही. मे महिन्यातल्या २२ मिलिमीटरनं लिंक पाडली होती, कालच्या २११नं केस वाकडा केला नाही. चोवीस तासांची बेरीज शेतीला, धरणाला, पुराला महत्त्वाची. लिंकला मिनिटाशी मतलब.

उद्या काकांना मिठाई.

२६ जुलै

आजची नोंद लांबणार.

शंका अशी होती. वहीतली मिनिटं काकांच्या शब्दांप्रमाणे वेगळी काढली. मग पावसाचा वेग सारखाच, तासाला १० ते १४ मिलिमीटर, अशी फक्त मिनिटं घेतली. सूत्र म्हणतं, आमच्या अंतराला ३.४ डेसिबल जावेत. “सर” लिहिलेल्या मिनिटांत साडेतीन-चार जातात, इरल्याखालच्या ओलीसकट. “भुरभुर” लिहिलेल्या मिनिटांत सहाच्या आसपास. पाणी तेवढंच, घट दीडपट.

भुरभुरीत एवढा वेग कसा, असा प्रश्न पडेल. इथे ढग डोंगराला टेकून बसतो तेव्हा असा पाऊस पडतो. दाट, बारीक, संथ, समोरचा माड पुसट करणारा.

थेंबांचे आकार बघायला हवेत. महाबळेश्वरला भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेची ढगांच्या भौतिकीची प्रयोगशाळा २०१२पासून आहे, तिथे थेंब मोजायची यंत्रं आहेत. आमच्याकडे मेसचा मैदा.

पद्धत खरोखरच मैद्याची आहे. हिमकणांचे फोटो काढणारे अमेरिकेतले बेंटली यांनी १९०४ साली ती छापली, आणि लॉज व पार्सन्स यांनी १९४३मध्ये याच युक्तीनं वेगवेगळ्या वेगांच्या पावसातल्या थेंबांची मोजदाद केली. परातीत दोन बोटं चाळलेला मैदा पसरायचा, वर ताट झाकायचं, पावसात नेऊन दोन सेकंद ताट बाजूला करायचं, परत झाकायचं. प्रत्येक थेंबाची एक गोळी होते. वाळवायच्या, भाजायच्या, चाळायच्या.

मेसच्या मावशींनी आधी साफ नकार दिला. “पावसात मैदा? पोरांनो, डोकं ठिकाणावर आहे ना?” मग स्वतःच परात धरून उभ्या राहिल्या, कारण आमच्या हातातली हलत होती. गोळ्या त्यांनीच मंद तव्यावर वाळवल्या. चाळण्या मेसच्याच: मैद्याची, रव्याची, गव्हाची. भोकं व्हर्नियरनं मोजली. ड्रॉपरनं माहीत आकाराचे थेंब टाकून गोळी आणि थेंब यांचं नातं आधी ठरवून घेतलं होतं.

भुरभुरीच्या परातीतल्या बहुतेक सगळ्या गोळ्या रव्याच्या चाळणीतून खाली. एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून बारीक थेंब. दुपारच्या सरीच्या परातीत गव्हाच्या चाळणीवर उरलेल्या दहा-बारा ठळक गोळ्या; तीन-चार मिलिमीटरचे थेंब.

आता कारण. ४ मिलिमीटरचा एक थेंब फोडला तर १ मिलिमीटरचे ६४ होतात. पाणी तेवढंच. पण लहरीला थेंबाचं पाणी फारसं दिसत नाही, त्याची सावली दिसते. आणि ६४ बारक्यांची सावली मिळून एका मोठ्याच्या चौपट. शिवाय ४ मिलिमीटरचा थेंब सेकंदाला जवळजवळ ९ मीटरनं खाली येतो, १ मिलिमीटरचा ४ मीटरनं. म्हणजे पर्जन्यमापकात सारखंच पाणी पडायचं तर बारके थेंब हवेत दुपटीहून जास्त वेळ रेंगाळलेले असणार. हिशेब इथेच थांबला असता तर फरक आठपटीवर गेला असता. तसं होत नाही, कारण ५ मिलिमीटरच्या लहरीपुढे १ मिलिमीटरचा थेंब आपल्या पूर्ण सावलीएवढा अडथळा करत नाही, मोठा थेंब सावलीहूनही जास्त करतो. शिवाय कुठल्याच पावसात एकाच मापाचे थेंब नसतात. उरतो तो दीड-दोन पटींचा फरक. आम्हाला दिसला तो.

सूत्रातला ०.७५चा घातही यामुळेच एकपेक्षा कमी. पाऊस वाढतो तेव्हा थेंब मोठे होतात, आणि मोठ्या थेंबांत बांधलेलं पाणी लहरीला तुलनेनं कमी अडवतं. २०-२५ गिगाहर्ट्झला हा घात जवळपास एक आहे; तिथे थेंबांच्या आकाराचं फारसं चालत नाही, घट म्हणजे सरळ पाऊसच. म्हणून तर मेसर, झिनेविच आणि आल्पर्ट या संशोधकांनी २००६ साली मोबाइल टॉवरांमधल्या लिंकांवरून पाऊस मोजून दाखवला, आणि नेदरलँड्समध्ये २०१३मध्ये त्याच रीतीनं देशभराचे पावसाचे नकाशे निघाले. ओल्या झाकणाची डोकेदुखी त्यांनाही होती, हे वाचून बरं वाटलं.

काकांचा रकाना हा थेंबांच्या आकाराचा रकाना आहे. त्यांना सांगितलं. “मग? भुरभुर आणि सर एक कशी असेल?” एवढंच म्हणाले.

११ ऑगस्ट

गेले चार दिवस पाऊस नसतानाही मधूनच ६-७ डेसिबलची कापणी, सेकंदभर, आणि गायब. इरलं तपासलं, जोडण्या तपासल्या. शेवटी मुलगा दुर्बीण घेऊन बसला. माडाची झावळी. पावसाळ्यात नवी वाढली, वाऱ्यानं झुलली की वाटेत येते. मधोमध लहरीला मोकळी हवी ती जागा अवघी ०.८८ मीटर त्रिज्येची, त्यात झावळीचं टोक शिरतंय. माडावर चढणाऱ्या पाडेलीला बोलावलं.

३ सप्टेंबर

रात्री वीज गेली, बॅटरीही उतरली. नऊ तासांची नोंद नाही. काकांच्या रकान्यात त्या रात्री तीन वेळा “झोड”.

हे नुसतं दुर्दैव नाही. जोराचा पाऊस आणि वीज जाणं एकाच वेळी घडतात, म्हणजे आमच्या नोंदींतून नेमकी वाईट मिनिटंच गळतात. वर्षाकाठी ०.०१ टक्का म्हणजे फक्त ५३ मिनिटं. लिंकचं आयुष्य त्या मिनिटांवर ठरतं. आज अहवालासाठी टक्केवारी काढायला मुलं बसली होती, त्यांना थांबवलं. नऊ तास गाळून काढलेली टक्केवारी खोटी दिसणार नाही, पण असेल. मोठी बॅटरी मागवली.

९ ऑक्टोबर

परतीचा पाऊस, गडगडाटासह. ज्याची वाट बघत होतो तो. संध्याकाळी ६:१२ला एका मिनिटात वाटी आठ वेळा कलंडली, तासाला ९६ मिलिमीटर. वळवापेक्षा जास्त जोर, तसेच टपोरे थेंब. सूत्राची घट १६. उणे ४९मधून १६ आणि इरल्याचे ३ वजा केले तर बरोबर उणे ६८, कड्यावर.

लिंक उणे ६७वर लटकत राहिली. दोनदा तुटली, दोन्ही वेळा अर्ध्या मिनिटाच्या आत परत. मे महिन्यात याहून कमी पावसानं सात मिनिटं गेली होती. पाऊस संपल्यावरची शेपटीही आता चार मिनिटांची.

या वेळी टाळ्या लिंक टिकली म्हणून.

२७ नोव्हेंबर

पहाटे वाशिष्ठीच्या खोऱ्यातून धुकं वर चढलं. सहा वाजता गच्चीवरून वसतिगृह नाही, माड नाहीत, मैदानही नाही. शंभर मीटरच्या पुढे पांढरं. मुलांनी पैजा लावल्या होत्या. बहुतेकांनी १० डेसिबलच्या वर.

उणे ४९. अधूनमधून उणे ५०.

धुक्याचा थेंब एक-दोन शतांश मिलिमीटरचा. ५ मिलिमीटरच्या लहरीपुढे तो नगण्य, त्याला सावलीच नाही. तिथे फक्त एकूण पाण्याचं वजन मोजलं जातं, आणि दाट धुक्याच्या घनमीटरमध्येसुद्धा पाणी अर्धा ग्रॅम भरणं मुश्कील. डोळ्याची लहर अर्ध्या मायक्रोनची, तिच्यासाठी हाच थेंब डोंगराएवढा. लेझरची लिंक असती तर आज सकाळी मेली असती आणि मे महिन्यातल्या वळवात कदाचित तगली असती.

पैज मावशींनी जिंकली. त्यांनी शून्य सांगितलं होतं. कारण विचारलं तर म्हणाल्या, “धुक्यानं परातीत गोळी झाली असती का?”

५ डिसेंबर

डिश उतरवल्या नाहीत. परवान्याची मुदतवाढ मागितली आहे. पुढच्या पावसाळ्यासाठी याद्या: वसतिगृहाच्या टोकालाही दुसरा पर्जन्यमापक, कारण ६२० मीटरमध्येही सर एका टोकाला आधी पोचते, आडव्या ध्रुवीकरणाची जोडलिंक, कारण मोठे थेंब पडताना चपटे होतात आणि आडव्या लहरीला जास्त खातात, तो फरक थेंबांचा आकार थेट सांगेल, मैदा दोन किलो, या वेळी प्रकल्पाच्या खर्चातून.

काकांनी त्यांची वही परत केली. शेवटच्या पानावर, आजच्या तारखेला, रकान्यात “कोरडं” लिहिलं आहे आणि पुढे विचारलं आहे, “मॅडम, दव पण लिहू का?”

झाकणावर दव धरतं. पहाटे पाच ते सातच्या नोंदी काढून बघायच्या आहेत.